फळ्यावरचा करंट

खडू मोडून अर्धा करायचा, फळ्याकडे वळायचं आणि म्हणायचं, "उडी मारायची नाही. एकेका बिंदूने जायचं." आमच्या मॅडमचा तास असाच सुरू व्हायचा. बिरवाडीजवळच्या पॉलिटेक्निकात त्या ट्रान्सफॉर्मर शिकवायच्या, मीही त्यांच्याच विभागात शिकवायचो.

त्यांचा जीव एका आकृतीत. चुंबकत्वाची गोल लाट, शेजारी लोखंडाचा लूप, म्हणजे किती चुंबकत्वाला किती करंट लागतो ते दाखवणारी बंद वक्ररेषा. लाटेवरचा बिंदू आडवा लूपपर्यंत न्यायचा, तिथे करंट किती ते मोजायचं आणि त्याच वेळेखाली मांडायचं. बिंदू जोडले की करंटचा आकार मिळतो, आणि तो गोल नसतो, टोकदार निघतो. कुणी मोबाइलवरची तयार आकृती दाखवली, तर चष्म्यावरून बघत विचारायच्या, "छान. टोक कुठून आलं?" पोराची बोबडी वळायची.

गेल्या वर्षी त्यांनी स्टाफरूममधला चहा सोडला. "पित्त होतं हो." आम्ही लगेच कोकमाचे सल्ले दिले. सल्ले द्यायला आपल्याला काय लागतं?

मग एकदा वर्गाचे आलेख तपासायला आले. सगळ्यांच्या करंटला बारीक नागमोड. बिंदू न मोजता पोरांनी फळाच उतरवला होता. मॅडम तापल्या. तुडीलच्या एका मुलीला बोलावून विचारलं, "ही नागमोड कुठून आली?"

"फळ्यावर तशीच हाय मॅडम. आमाला वाटलं, करंट असाच जातो."

मॅडमनी हात टेबलाखाली घेतले. मुलगी गेली तरी वर काढले नाहीत. चहा का सुटला ते मला तेव्हा कळलं. त्यांच्याकडे बघवेना, आणि नजर चुकवतोय याचीही लाज वाटत होती.

"वर्षभर लपवलं," त्या म्हणाल्या, "आणि सगळ्या वर्गाने ते काढून आणलं. लाज वाटते हो. शिकवलं काय मी?"

"फळ्यावर मी काढून देत जाईन," मी पुटपुटलो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या दारात उभा होतो. मॅडमचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी उजवा हात सगळ्यांसमोर धरला. तो थरथरत होता.

"ती नागमोड करंटची नाही. या हाताची आहे. खोडा, आणि बिंदू पुन्हा मोजा."

कुणी हसलं नाही. तुडीलच्या मुलीने मान खाली घातली आणि पट्टी काढली.

आता मॅडम पोलादपूरला घरीच असतात. तो तास मी घेतो. माझी रेघ गुळगुळीत येते. पोरं ती जशीच्या तशी उतरवतात. बिंदू मोजले की नाही, हे कागदावरून आता कळत नाही. मीही विचारत नाही.