पाळण्याच्या दिवसाचा चहा

रात्री कडाक्याची थंडी पडली होती. नारिन नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. पंपघराच्या दाराला धरलेला बर्फ गावचा पंप सांभाळणाऱ्या कुलीपाने कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्याने झोडपून काढला, आत शिरून टाकी पाहिली, पाण्यातले जंतू मारायच्या औषधाचं पिंप ढवळलं. भिंतीवर सरकारी डबी हिरवा दिवा मिचकावत होती. पाण्यातलं औषध कमीजास्त झालं की ही डबी लगेच शहरातल्या कचेरीत चुगली करते. फारच घसरलं तर ते लोक तिथूनच नळ बंद करतात.

त्या दिवशी कुलीपाच्या नातवाला पाळण्यात घालायचं होतं. सगळं गाव चहाला येणार. आणि तिची सासू बुरमा आपा आठवडाभर एकच घोकत होती, की नळाच्या चहाला दवाखान्याचा वास येतो, पाहुणे पहिल्याच वाटीला उठतील. पंपाची किल्ली सुनेच्या कमरेला असून काय उपयोग?

पाटाचं पाणी पिऊन दर उन्हाळ्यात काविळीने पिवळी पडणारी पोरं कुलीपाने पाहिली होती. तरी हात गेलाच. औषधाचा कॉक तिने जवळजवळ बंद केला.

घरी येऊन कणीक मळायला बसते तोच फोन वाजला. शहरातल्या कचेरीतली तपासनीस झामिरा. तीही कुलीपाला एजे, म्हणजे ताई म्हणे.

"एजे, पंप बिघडला का? आकडा घसरतोय."

कुलीपाला खोटं सुचेना. "पंप धड आहे गं. डोकं माझं बिघडलं. आज नातवाचा पाळणा, आणि आपा म्हणते चहाला वास मारतो."

मग झामिरा म्हणाली, "आधी कॉक उघडा, एजे. आकडा चढला नाही तर मला नळ बंद करावा लागेल, पाळणा तुमचा असो की माझा. आणि वर आला की चहाचं पाणी बादल्यांत भरून उघडं ठेवा. दुपारपर्यंत वास उडतो."

कणकीच्या हातांनीच कुलीपा पंपघराकडे धावली. तिने कॉक उघडला आणि आकडा वर आल्यावर बादल्या भरून ठेवल्या.

दुपारी चहाचं पाणी तापवायचा समोवार उकळला. आमच्याकडे पाहुण्याला वाटी निम्मीच भरून देतात. काठोकाठ भरली की त्याने ओळखावं, आता उठा. बुरमा आपाने वाटी नाकाशी धरली, एक घोट घेतला, मग सगळीच रिकामी केली. कुलीपा समोर किटली धरून उभी.

आपाने वाटी पुढे केली. "निम्मीच भर. अजून बसायचंय मला."

मग शेजारणीकडे वळून तिने सांगितलं, की चहाची पत्ती तिने स्वतः निवडून आणली होती.

कुलीपाने ऐकून घेतलं. बादल्यांचा तळ दिसू लागला होता. संध्याकाळच्या चहापर्यंत वास उडावा म्हणून त्या उचलून ती आताच नळावर भरायला गेली.