पाटीवरचं अक्षर माझं होतं

देवीची कृपा झाली असं लोक आनंदाने सांगतात. मला ते सांगताना आधी मान खाली घालावी लागते. त्या कृपेच्या वाटेवर माझी एक चूक उभी आहे आणि तिला वळसा घालून पुढचं सांगता येत नाही. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं गेली.

आमचं गाव मिठबावपासून जवळ, समुद्राच्या अंगाला. वडील पाडेली होते, लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वेंगुर्ल्याला शाळेत नोकरी लागली तेव्हा वडील हयात नव्हते. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण मी लहानपणी ओट्यावर अक्षरं गिरवायचो तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता माझ्या हाताकडे बघत बसायची. माझं अक्षर चांगलं झालं त्यात तिच्या त्या बघण्याचा वाटा आहे, असं मला आता वाटतं.

दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत रजा काढून घरी आलो, चिखलात उभा राहिलो आणि आठवड्याने तापाने पडलो. लेप्टो निघाला. किडन्यांवर आलं होतं. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिने दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून ग्रामदेवीला नवस केला, "माझो झील घराक येऊ दे, जत्रेक माझ्या हातान तुझी ओटी भरीन." मी घरी आलो. डॉक्टरांचे उपकार मी विसरलेलो नाही, पण तो नवसही विसरलो नाही. म्हणूनच पुढे जे केलं त्याला अज्ञान म्हणता येणार नाही.

आमच्या देवळात सवाष्णींच्या ओट्या झाल्या की शेवटी विधवा बाया जात. तसा काही नियम नव्हता. गुरव काही न बोलता त्यांचा नारळ घेई, देवीही काही बोलत नसे. त्या वर्षी देवळाचा जीर्णोद्धार झाला. चकचकीत लादी आली, स्टीलचं रेलिंग आलं आणि कमिटी आली. कमिटीचे अध्यक्ष स्वतः घरी आले. "मास्तर, नियमांची पाटी तुमच्या अक्षरात होयी," म्हणाले. देवळाच्या ज्या ओट्यावर माझ्या वडिलांना कधी कोणी 'बस' म्हटलं नव्हतं, तिथे मला खुर्ची दिली, चहा दिला. मी ब्रश घेतला. चपला बाहेर काढाव्यात. मोबाईल बंद ठेवावेत. रांगेची शिस्त पाळावी. चौथा नियम अध्यक्षांनी कागदावर लिहूनच आणला होता: ओटी भरण्याचा मान फक्त सवाष्ण स्त्रियांचा.

माझा हात थांबला. अध्यक्ष म्हणाले, "बाकीच्या गावांनी असाच आसता, मास्तर." मला आईचा नवस आठवला. गुरवाला हळूच सांगून तिचं तेवढं जमवून घेऊ, असं मी मनात म्हटलं आणि चौथी ओळ पूर्ण केली. इतर तीन ओळींपेक्षा ती जास्त सुबक आली.

पाटी लागली तेव्हा आई कौतुकाने समोर उभी राहिली. "काय लिवलंस रे झिला?"

"चपला बाहेर काढा म्हणून."

"चपलांसाठी येवढा?" ती हसली. "आमच्या गावच्यांक सांगूकच होया."

जत्रेच्या सकाळी मी छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला लावून मंडपात होतो. गुरवाला सांगायचं राहून गेलं होतं. खरं म्हणजे मला ते सांगायची लाज वाटली होती. आई पितळी ताटात नारळ, खण, तांदूळ घेऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली तसा रेलिंगपाशी उभ्या असलेल्या माणसाने हात आडवा केला. "काकी, पाटी बघ."

"माका खंय वाचूक येता?"

"मगे झिलाक विचार. तेनाच लिवल्यान हा." मग त्याने चौथी ओळ मोठ्याने वाचून दाखवली. दोघीचौघी हसल्या.

आईने गर्दीवरून माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो आणि समोर पडलेल्या चपला सरळ लावू लागलो. मान वर केली तेव्हा ती रांगेत नव्हती.

घरी नव्हती, विहिरीवर नव्हती. शोधत शोधत मी देवळाच्या मागे आलो. तिकडे कोणी जात नाही. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीतून दगडी पन्हळ बाहेर येते, देवीच्या स्नानाचं पाणी तिच्यातून ओघळतं. तिथे आई आणि एक अनोळखी म्हातारी बाई उभ्या होत्या. त्या बाईच्या अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात क्रूस, हातात नारळ. मी ओवळीच्या झाडाआड थांबलो.

"रडतंस कित्याक गो?" ती बाई आईला म्हणत होती. "आमचा मूळ घर ह्याच गावातला. आज्याच्या आज्याच्या वक्तार आमी किरिस्तांव झालंव. भुतूर आमका कोण घेणत नाय, म्हणान वर्साक एकदा हंयसर येवन नारळ ठेवतंव. माझ्या आवशीन ठेवल्यान, आता मी ठेवतंय."

"हंयसून पावता तिका?" आईने विचारलं.

"तिचा पाणी भायर येता मां? मग आपला भुतूर जाताच."

आईने पदराने डोळे पुसले. दोघींनी मिळून पन्हळीखालच्या दगडावर खण पसरला, तांदूळ घातले, आपापला नारळ ठेवला. आई माझं नाव घेऊन काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात आतून पाण्याचा लोट आला आणि त्याच्याबरोबर एक तांबडं जास्वंदीचं फूल वाहत येऊन आईच्या नारळाशी, उजव्या अंगाला, अडकलं. आमच्याकडे देवाच्या अंगावरचं फूल उजवीकडे पडलं तर देवाने कौल दिला असं मानतात. गुरव त्या वेळी रोज गाभारा धुतो, हे मला ठाऊक आहे. तरी मी झाडाआड हात जोडले आणि मला रडू आवरेना.

आई परत निघाली तेव्हा मी समोर आलो. "आई, ती ओळ मी लिहिली," म्हणालो.

"अक्षर वळाखतंय मी तुझा. ओट्यार गिरवताना बघलंय ना." ती चालता चालता थांबली. "पण खोटा बोललंस ता कित्याक?"

पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले. "माझी वाट तू अडवलंस, ती देवीन सोडवल्यान. आता तिच्याकडे तोंड कसा घेवन जातलंस ता तू बघ."

दुसऱ्या दिवशी मी कमिटीला सांगून चौथ्या ओळीवर पांढरा रंग फासला. महिन्याभरात तिथे छापील फ्लेक्स लागला, चारही नियमांचा. मी पुन्हा बोललो, तेव्हा "पुढच्या मीटिंगला बघू" असं ऐकलं. ती मीटिंग अजून झालेली नाही. मला देवावर राग आला नाही. एवढंच कळलं, की रेलिंग, बिल्ला आणि खुर्ची यांना मी देव समजत होतो.

गेल्या जत्रेला मी आईबरोबर देवळामागे गेलो. आईचं ऐकून आमच्या आवाठातल्या, म्हणजे वाडीतल्या, आणखी तीन विधवा बाया आल्या होत्या. ती फ्रॉकवाली बाईही आली होती. तिच्यासमोर उभा राहून मी सांगितलं, की दारावरची ती पाटी पहिल्यांदा मी लिहिली होती. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिने माझे हात बघितले, मग दगडाजवळचे न सोललेले नारळ दाखवले.

"पाडेल्याचो झील मां तू? मगे उबो कित्याक? सोल. शेंडी राखून सोल हां."

मी खाली बसलो. आईने पुढे केलेला कोयता वडिलांचा होता. पन्हळीचं पाणी पायाशी ओघळत होतं. मी काहीच मागितलं नाही. एकेक नारळ सोलून, शेंडी राखून, त्या बायांच्या ताटांत ठेवत गेलो.