मडिकेरीचं प्रस्थान

ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतरचा पहिला प्रवास म्हणून आम्ही मडिकेरी ठरवलं आहे. डॉक्टर आज संध्याकाळी फोनवर हो की नाही ते सांगणार. हे मोबाइलवरच्या नकाशात घाटाची वळणं बोटाने चढतात, मध्येच थांबतात. मी स्वेटर काढते, परत कपाटात ठेवते.

सासूबाई मात्र शेजारी प्रस्थान ठेवूनही आल्या. फडक्यात तांदूळ, सुपारी आणि ह्यांचा रुमाल. मुहूर्त टळू नये म्हणून माणसाआधी त्याची वस्तू घराबाहेर पडते. मनातली भीतीही अशीच आधी पोचत असावी.

"डॉक्टर नको म्हणाले तर?" मी हळूच विचारलं.

"प्रस्थान घरात परत आणत नाहीत," त्या म्हणाल्या. "निघताना उचलायचं."

फोन वाजला. तो घेण्याआधी मी स्वेटर बॅगेत ठेवला.