वाकळांनी बंद पाडलेला कॉम्प्रेसर

घटस्थापनेच्या आधी आमच्या परभणीकडे दसरा काढतात. घरातलं सगळं बाहेर काढायचं, घर सारवायचं, आणि वाकळा, गोधड्या, एकूण एक पांघरूण धुऊन टाकायचं. त्या वर्षी नदीची वाट चिखलानं बंद होती. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हापिसात ते कोमट पाणी वायाच जातंय न्हवं?"

हापिस म्हणजे पाथरी रस्त्यावरचं आमचं छोटं दूध शीतकरण केंद्र. ऐंशीच्या दशकात मी तिथली इन्चार्ज होते. पाणी मुळीच वाया जात नव्हतं. कॉम्प्रेसर अमोनिया वायू दाबून मागच्या अंगणातल्या नळ्यांत ढकलायचा. दाबला की वायू तापायचा, म्हणून त्या नळ्यांवर सतत पाणी शिंपडायचं. वायू निवायचा, पाणी कोमट होऊन खालच्या हौदात पडायचं आणि पंप तेच पुन्हा वर चढवायचा. हे मला पाठ होतं. तरी मी म्हणाले, "सकाळी या. बादलीनं घ्या आणि बाजूला धुवा." सासूला नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

सकाळी अख्खी गल्ली आली. इकडे गावोगावचं दूध टाकीत पडलं, आणि नऊच्या सुमाराला कॉम्प्रेसर गप्प झाला.

त्याच्याजवळ भिंतीवर दाबावर चालणाऱ्या स्विचचे दोन डबे होते. एक कमी दाबाचा. दूध गार झालं की दाब उतरायचा, तो डबा मशीन थांबवायचा आणि गरज लागली की आपणच चालू करायचा. दुसरा जास्त दाबाचा. त्यानं मशीन बंद केलं, की कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत ते चालू व्हायचं नाही. माणसानं तिथवर यावं, काय बिघडलंय ते बघावं, एवढ्यासाठीच ते बटण. आज याच डब्यानं मशीन बंद केलं होतं.

केंद्रातले मिस्त्रीमामा पक्कड घेऊनच आले. "मॅडम, ह्यो डबाच खराब हाय. दोन वायरी जोडून देतो, चालतंय बिनघोर. आमी लय बार केलंय."

"आणि दाब वाढून नळी फुटली तर? मागं बाया आहेत. तुमची मालकीण पण त्यांच्यातच आहे."

"मग तर जोडूच का?"

मला हसू आलं, पण पक्कड मी काढून घेतली. अकराला टँकर यायचा होता. ड्रायव्हर दूध उकळून बघायचा. फाटलं तर सगळं परत, आणि लोकांनी ते चिखलातून सायकली ढकलत आणलेलं.

मी एकदा बटण दाबलं आणि दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर उभी राहिले. काटा चढला, रोजच्या खुणेवर थांबला नाही, चढतच गेला. खट्ट! पुन्हा बंद. म्हणजे डबा शहाणा होता. दाब खरंच वाढत होता, म्हणजे वायू निवत नव्हता. मी मागे धावले.

नळ्या कोरड्या. एका कोपऱ्यात तेवढं पाणी ठिबकत होतं. हौदात पांढरा फेस, फेसात गुडघाभर उतरलेल्या बाया वाकळा तुडवत होत्या, आणि सासूबाई कठड्यावर बसून हुकूम सोडत होत्या. पंपाच्या जाळीत कापसाचे बोळे, दोरे आणि कुणाच्या तरी लुगड्याची लाल चिंधी गच्च बसली होती.

"हौदात कुणी उतरायला सांगितलं?"

"तूच म्हणलीस, पाणी घ्या. बादलीत वाकळ बुडती का?"

"मशीनला साबण चालंना का ओ बाई?" शेजारणीनं विचारलं.

"त्याला तुमचा कापूस चालंना, वैनी," मामा म्हणाले आणि जाळी उपसायला वाकले.

मी रागवायच्या आत बायांनी पदर खोचून रांग धरली. हातोहात बादल्या फिरल्या, हौद रिकामा झाला, बोअरचं पाणी भरलं. पंप चालू केला तेव्हा सगळ्या नळ्यांवर सारखी सर कोसळली आणि बायांनी खाली उभं राहून ओरडून घेतलं. मी बटण दाबलं. काटा चढला आणि रोजच्या जागी थांबला.

टँकरवाल्याला दोनदा चहा पाजून बसवून ठेवला. बाराच्या पुढे दूध पुरेसं गार झालं. त्यानं काचेच्या नळीत थोडं दूध उकळलं. सासूबाई ओल्या लुगड्यानं त्याच्या खांद्यावरून डोकावत होत्या.

"फाटलं का?"

"न्हाई, आजी. चांगलं हाय."

"मग भर लवकर. उशीर करायलास."

टँकर फाटकाबाहेर गेला तशा बाया उरलेल्या वाकळा उचलून हौदाकडे वळल्या. मी मागच्या अंगणाच्या जाळीच्या दाराला कुलूप घातलं आणि बोअरचा पाइप रस्त्याच्या बाजूला ओढून दिला.

"हे तर गार हाय की गं!" सासूबाई ओरडल्या.

"गारच वापरा," मी म्हणाले.

पहिली बादली त्यांनी माझ्याच अंगावर ओतली.