लिफ्टमध्ये देव, जिन्यात मी

दारासमोर दार असलं की समोरच्या घरातलं कानावर पडतंच. मी मुद्दाम ऐकत नाही; दारात भाजी निवडत बसते, एवढंच! पण असं ऐकून ऐकून इतकं साठलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या वारज्याच्या सोसायटीत समोर शीलाताई राहतात. त्यांच्या चर्चची छोटी मुलं दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये संडे स्कूलला येतात. तीन वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर, म्हणजे आमचे काका, गेले. तेव्हापासून शीलाताईंचा अख्खा आठवडा या एका तासाकडे डोळे लावून असतो. आणि तोच तास त्यांचं डोकं खातो!

*

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघं मिळून देव एकच. हे पोरांना सांगायचं कसं? शीलाताईंनी माझ्याकडूनच नारळ नेला. "हे बघा, करवंटी, खोबरं, पाणी. गोष्टी तीन, पण नारळ एकच!"

मग पोरांमध्ये पाणी वाटलं, खोबरं वाटलं. सात वर्षांचा सॅम रडवेला होऊन माझ्या दारात. "काकू, देव संपला! मला नुसती करवंटी आली!"

*

पुढचा धडा : देव सगळीकडे असतो.

मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन लिफ्टशी आले, तर आत सॅम आणि आणखी दोघं. सॅमने हात आडवा घातला. "काकू, लिफ्ट चार जणांची आहे. आम्ही तिघं आणि देव. फुल्ल!"

चार मजले चढले मी! वर जाऊन शीलाताईंना सुनावलं, तर म्हणतात, "अहो, तो जिन्यातही होताच की तुमच्याबरोबर."

"मग एक पिशवी धरायची ना त्याने!"

*

शत्रूवर प्रेम करा, हे शिकवलं त्या दिवशी सॅमचा प्रश्न, "टीचर, मला शत्रूच नाहीये. मी काय करू?"

पाचव्या मिनिटाला माझी बेल. "काकू, तुम्ही माझे शत्रू व्हाल का? टीचर म्हणाल्या, तुम्हाला जमेल."

*

इस्टरच्या आधी त्यांच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, वर्ग तपासायला आले. पोरांना काही येत नसेल, तर घरचा वर्ग बंद करून त्यांना चर्चमध्ये मोठ्या मुलांबरोबर बसवायचं, असं ठरत होतं. शीलाताईंचा चेहरा एवढासा झालेला. मला म्हणाल्या, "तुम्ही येऊन बसा. जरा धीर येईल." मला काय, बोलावणंच हवं होतं!

"पुनरुत्थान म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

पोरं एकमेकांना ढोसायला लागली. सॅम तर फरशी बघत बसला. शीलाताई पदराचं टोक पिळतायत. साहेबांनी वही उघडून लिहायला घेतलं.

तेवढ्यात पाच वर्षांची एस्थर उभी राहिली. "म्हणजे मेलेली माणसं परत उठणार. म्हणून तर काकांचा चष्मा टीचर पुसून ठेवतात. एकसुद्धा डाग नाहीये! उठल्यावर त्यांना दिसायला नको?"

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. हळूच म्हणाले, "वर्ग इथेच भरू द्या."

"ते राहू द्या," शीलाताई म्हणाल्या. "एस्थर, माझं कपाट कुणी उघडलं?"