दुसरी शिंक

दिवाळी सरत आली की परळ-लालबागात सातवीण फुलते आणि माझं नाक वाहायला लागतं. डॉक्टर म्हणतो, परागकण. मी चौथी शिकलेली. मला एवढंच कळतं, की त्या उग्र वासाच्या गुच्छांखालून गेलं की शिंका येतात. चाळीतली पोरं ओरडतात, "मावशी शिंकली!" माशी शिंकली की काम फिसकटतं, म्हणून हा विनोद. मेल्यांना दुसरा सुचत नाही.

माझ्या भाचीचा साखरपुडा नेमका त्याच दिवसांत ठरला. पोरगी चाळिशीला टेकलेली, आता कुठे मनासारखा माणूस भेटला होता. पण त्याची घोडपदेवची आई शकुन-अपशकुनाला कडक. बहीण मला म्हणाली, "ताई, तू आपली मागे बस. ऐनवेळी शिंकलीस तर ठरलेलं मोडेल."

भाची म्हणाली, "मावशी मागे, तर मीपण मागे."

म्हणून मी पुढे बसले, नाकाला पदर दाबून. हॉल पहिल्या मजल्यावर, आणि गॅलरीला टेकलेली सातवीण! अंगठी भाचीच्या बोटापाशी आली आणि मी शिंकले. भटजी दचकले. मुलाने हात मागे घेतला. बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं, की दूध नासलं असतं.

मुलाची आई उठली. "एक शिंक वाट अडवते, दोन आल्या तर मोकळी करतात. मावशी, दुसरी येऊ द्या."

आता ती येईना. जन्मभर नको तेव्हा आली, आज गायब.

"अहो, जोर लावा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"शिंक आहे ती, बाळंतपण नाही," मी म्हणाले.

कुणाकडे तपकीर मिळेना. बहीण म्हणाली, "शिंक गं ताई, पाया पडते तुझ्या." शेवटी नवरामुलगाच गॅलरीत धावला, हात लांब करून फुलांचा गुच्छ तोडला आणि माझ्या नाकाला लावला.

आली! "दोन!" अख्खा हॉल ओरडला. पण माझ्या शिंका दोनावर थांबत नाहीत, तिसरी नाकात चढत होती. भाचीला ते ठाऊक. तिने नवऱ्यामुलाचा अंगठी धरलेला हात पकडला आणि स्वतःच अंगठीत बोट घुसवलं.

"झालं! वाजवा टाळ्या!" ती ओरडली.

टाळ्यांत तिसरी आली, चौथी आली, आणखी येत राहिल्या. मुलाची आई पेढा घेऊन माझ्यापुढे आली, आणि माझ्या शिंका थांबायची वाट बघत हसत उभी राहिली.