थांबा बाई

प्रश्न विचारून उत्तरासाठी इतका वेळ थांबणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या मिनूसमोर दोन हात धरायचे, दोन्हींत खाऊ, आणि तिला शिकवायला घरी येणाऱ्या बाई नुसत्या बसून राहायच्या. खाली राजापेठेत गाड्यांचे हॉर्न, शेजारी ट्यूशनचा गलका. वर मात्र दुपार पाण्यात बुडाल्यासारखी संथ. मला कुठला धीर! मी मधे तोंड घातलं, की माझ्याकडे न बघताच त्या म्हणायच्या, "थांबा." घरात त्यांचं नावच थांबा बाई पडलं.

मिनू स्वमग्न. तिला काय हवं ते आम्हीच ठरवत आलो होतो, तेही लाडानं. पहिल्या दिवशी तिने बाईंच्या उजव्या हातातली जिलबी उचलली, तेव्हा मी पेढे आणायलाच निघालो होतो. बाईंनी हात बदलले. जिलबी डावीकडे, कारल्याची फोड उजवीकडे. मिनूने शांतपणे कारलं तोंडात घातलं. तिचा चेहरा बघून बायको हसता हसता रडायला लागली. पोरगी निवडत नव्हती, उजवी बाजू धरून होती. कितीतरी दुपारी अशाच गेल्या. मग एकदा तिची नजर या हातावरून त्या हातावर फिरली, रेंगाळली, आणि तिने डावीकडची जिलबी घेतली. ती दुपार अजून कधीमधी माझ्या स्वप्नात येते.

मला वाटलं, झालं काम. बाई म्हणाल्या, "खरं काम पुढंच हाय, भाऊ. इले नाही म्हनता आलं पायजे. तुमी नसान तवा काय करन हे?"

माझी झोप उडवणारा प्रश्न तोच होता. कोणीही हात धरावा आणि हिने मुकाट्याने मागे जावं. मग तळवा पुढे करून 'नको' सांगण्याचे धडे सुरू झाले. दिवाळीत आत्या भरवत असलेली करंजी मिनूने तशीच परतवली. आत्या भाऊबीजेपर्यंत फुगून होती.

पुढे बाईंच्या यजमानांची अकोल्याला बदली झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा त्या मिनूसमोर खाली बसल्या आणि तिला जवळ घ्यायला दोन्ही हात पसरले. मिनूने त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तळवा पुढे केला.

बाई चालल्या गं, म्हणत मी तिला पुढे ढकलणार, तोच बाईंनी मला अडवलं. पसरलेले हात त्यांनी हळूच मागे घेतले. डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

"मलेबी नाही म्हटलं इनं," त्या म्हणाल्या. "आता मी बिनघोर जातो."

आणि मिनूला न शिवता त्या जिना उतरून गेल्या.